बोलू देणारा पंखा

सुलोचना ताकसांडेचं घर आमच्या घराला लागून आहे. मधली भिंत एकच आणि तीही एका विटेची. त्यामुळे त्यांच्याकडे फोडणी पडली की ठसका आम्हाला लागतो, आणि मी कुणावर रागावलो की ते तिकडे लगेच कळतं. मी पुलगाव स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेला माणूस. राग मला लवकर येतो हे आधीच सांगून ठेवतो. त्यातही दोन गोष्टींचा फार येतो: विनाकारण होणाऱ्या आवाजाचा, आणि ‘आता वयच झालं त्यांचं’ या वाक्याचा. दोन हजार पाच साली या दोन्ही गोष्टी सुलोचनाच्या घरात एकदमच शिरल्या, म्हणून हे सगळं माझ्या चांगलं लक्षात आहे.

सुलोचना माहेरची आष्टीकडची. लग्न होऊन पुलगावला आली तेव्हा बारावी झालेली होती आणि मराठी-इंग्रजी टायपिंगच्या परीक्षा पास होती. नवरा गुलाब लष्कराच्या दारूगोळा डेपोत कामाला. सकाळी डबा घेऊन सायकलवर निघाला की संध्याकाळीच परत. मग हिनं जुना टाइपरायटर घेतला, काही वर्षं देवळीला तहसील कचेरीसमोर छत्रीखाली बसून अर्ज बडवले, आणि नंतर काम घरीच आणलं. टाइपरायटरच्या जागी कॉम्प्युटर आला. समोरच्या खोलीला ‘सुलोचना डी.टी.पी.’ असा बोर्ड लागला. लग्नपत्रिका, कॉलेजच्या पोरांचे प्रबंध, शाळांचे पेपर, सगळं तिच्याकडे येऊ लागलं. मुद्रितं मी तपासायचो. मोबदला म्हणून चहा मिळायचा, आणि त्या चहाचीच ही गोष्ट आहे.

तो चहा करायची तिची सासू, अनुसयाबाई. सुलोचना त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांनी इथल्या कापड गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात अर्धं आयुष्य काढलं. नवरा लवकर गेला, तेव्हा गिरणीच्या पगारावर गुलाबला शिकवला. आणि मग काम सोडून निवांत बसायच्या वयात काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्या खाटेवरून उठल्या नव्हत्या. जेवण खाटेवर, बोलणं खाटेवरून, तेही विचारलं तेवढंच. लोक येऊन म्हणायचे, वयच झालं आता. मी उठून घरी निघून यायचो.

त्यांना उठवलं ते टाइपरायटरनं. सुलोचनानं काम घरी आणल्यावर समोरच्या खोलीत दिवसभर टकटक सुरू झाली. म्हातारीला अंधारात एक खुंटी सापडली. आवाज येतो तिकडे टेबल, टेबलाच्या डाव्या हाताला दार, पाठीमागे स्वयंपाकघर. आधी भिंतीला धरून दोन पावलं, मग चार. पुढे घड्याळाची टिकटिक, मोरीतल्या नळाचं टपकणं, आमच्या भिंतीपलीकडचा माझा खोकला, असं एकेक जोडत त्यांनी सगळं घर पाठ करून टाकलं. उन्हाळा सोडला तर दुपारी चारच्या सुमारास त्या उठायच्या, गॅस पेटवायच्या, चहा करायच्या, आणि हातात स्टीलचा पेला घेऊन बोटांच्या आवाजाच्या रोखानं सरळ टेबलापर्यंत यायच्या. टाइपरायटर गेला आणि कॉम्प्युटरचा मऊ कीबोर्ड आला तेव्हा त्यांनी आठवडाभर कुरकुर केली. मग तोही त्यांना ऐकू यायला लागला. कधी चहा सांडला नाही. मी तो कितीतरी वर्षं प्यालो आहे, आणि साखर जास्त असायची हे सोडलं तर तक्रारीला जागा नव्हती.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात काम फार वाढलं. नवरा-नवरीचे फोटो टाकलेल्या पत्रिकांची टूम निघाली होती. सुलोचनाचं जुनं मशीन एक फोटो उघडायला लागायचं आणि तेवढ्यात मी घरी जाऊन जेवून यायचो. गिऱ्हाईक मात्र थांबायला तयार नसायचं. म्हणून तिनं आतला प्रोसेसर बदलायचं ठरवलं. प्रोसेसर म्हणजे ज्याच्या जोरावर कॉम्प्युटर चालतो तो चौकोनी तुकडा. काम करताना तो तापतो, म्हणून त्याच्यावर धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा बसवलेला असतो आणि त्या ठोकळ्यावर पंखा. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या वर्षी माहीत करून घ्यावं लागलं.

वर्ध्याला निकेशचं दुकान होतं. घराणं कापडाच्या व्यापारातलं, पण पोरगा कॉम्प्युटरच्या धंद्यात पडला. जिभेवर साखर आणि मनानंही वाईट नाही. त्यानं नवा प्रोसेसर बसवला, जुना भाग बदल्यात ठेवून घेतला आणि मशीन चालू करून दाखवलं. सुलोचनानं मुद्दाम विचारलं, याचा आवाज येतो का. आत्याबाईंची झोपमोड होऊ नये, हे तिच्या डोक्यात होतंच. निकेश म्हणाला, ताई, तुम्हीच ऐका. ती वाकली, तिनं कान लावला. सोबत गेलेला मीही कान लावला. काही म्हणता काही ऐकू आलं नाही. आम्ही समाधानानं परत आलो.

दिवस मे महिन्याचे होते. निकेशच्या दुकानात दोन बाजूंना दोन कूलर धडधडत होते, गवताच्या ताट्यांतून पाणी टपकत होतं आणि आम्ही तिघं एकमेकांशी ओरडून बोलत होतो. विदर्भात मे महिन्यात कुणाला हे ओरडणं वाटतच नाही. कूलरचा आवाज आम्ही आवाजात धरत नाही, तो हवेत धरतो. घरी आल्यावरही तेच. खिडकीत गुलाबचा पत्र्याचा कूलर होता, तो सुरू झाला की भिंतीवरची तसबीर हलायची. त्याच्या आवाजाखाली नवं मशीन कसं वाजतं ते सगळा उन्हाळा कुणाला कळलं नाही.

पाऊसपाणी सुरू होऊन हवा गार झाली तेव्हा गुलाबनं कूलर रिकामा केला, ताट्या काढल्या, पत्र्याला प्लास्टिक गुंडाळून तो मागच्या अंगणात नेऊन ठेवला. खोली शांत झाली आणि टेबलाखालून एक बारीक, चढा, न थांबणारा किरकिराट ऐकू यायला लागला. मोठा फोटो उघडला की तो आणखी चढायचा. मला तो भिंतीतून यायचा. सुलोचनानं निकेशला फोन केला. तो म्हणाला, ताई, पावर आहे त्यात, पावर आली की आवाज येणारच. मग फोन मी घेतला. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यानं सांगितलेले उपाय केले. पेटीचं झाकण काढून पाहिलं, तेव्हा आवाज वाढला. पंख्यात अडकलेला कापसाचा फुगा ब्रशनं साफ केला, कारण आमच्या गावात मोसमात वेचलेला कापूस वर्षभर कुठून ना कुठून उडतच असतो. त्यानं एक-दोन दिवस बरं वाटलं. नंतर पुन्हा तेच. सुलोचना म्हणाली, होईल सवय. आणि तिला झालीही.

अनुसयाबाईंना झाली नाही. एका दुपारी त्या पेला घेऊन स्वयंपाकघरातून निघाल्या आणि खोलीच्या मध्यावर थांबल्या. मग टेबलाकडे वळायच्या ऐवजी दाराकडे वळल्या. तिथे पत्रिकांच्या कागदाचा गठ्ठा होता. त्याला पाय लागला आणि उकळता चहा पावलावर सांडला. जखम फार नव्हती, मलम लावून ती भरलीही. पण दुसऱ्या दिवशी चार वाजले आणि त्या उठल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सुलोचनानं चहा करता का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, तूच कर. हळूहळू अंगणात जाणं सुटलं, दारात बसणं सुटलं. जेवण पुन्हा खाटेवर आलं.

गुलाब म्हणाला, आई थकली. बायका येऊन म्हणाल्या, वयच झालं. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेऊन कान तपासले, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कान ठणठणीत आहेत, जाताना तुम्हीही तपासून घ्या. मग रोग कुठे आहे ते कुणाला समजेना. सुलोचनाला डोळे गेल्यावरचं ते पहिलं वर्ष आठवत होतं. तेव्हा म्हातारी खाटेवरून परत आली होती, पण तेव्हा अंगात जोर होता. या वेळी खाट धरली तर ती सुटणार नाही, ही भीती तिच्या मनात बसली. ती माझ्याशी एकदाच बोलली आणि बोलता बोलता रडली. मी निकेशला शिव्या दिल्या.

त्या वर्षी लोडशेडिंगनं जीव नकोसा केला होता. दुपारी लाईन जायची ती तासन् तास. लाईन गेली की सुलोचनाचं काम बंद, आणि ती कपाळाला हात लावून बसायची. अशीच एकदा बसली असताना तिला आत डबे सरकवल्याचा आवाज आला. पाहते तर आत्याबाई उठून तुरीची डाळ निवडायला घेऊन बसलेल्या. थोड्या वेळानं त्या भिंतीला हात न लावता दारापर्यंत गेल्या, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाला तरी हाक मारली, गप्पा केल्या. लाईन आली, मशीन सुरू झालं, आणि त्या खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या. सुलोचनाला वाटलं योगायोग असेल. पुढच्या लोडशेडिंगला तिनं लक्ष ठेवलं. पुन्हा तसंच. त्याच्या पुढच्या वेळी तिनं मला बोलावून घेतलं आणि आम्ही दोघांनी चोरासारखं बसून पाहिलं. लाईन गेली की म्हातारी घरभर हिंडते, आली की आडवी होते.

त्या दिवशी सुलोचनानं मशीन लावलंच नाही. खाटेजवळ बसून सरळ विचारलं. अनुसयाबाई आधी काही बोलेनात. सुनेच्या पोटावर आपला पाय पडू नये म्हणून त्या गप्प होत्या, हे मागाहून समजलं. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “तो पंखा लागला का मले घर दिसत नाई.”

सुलोचनानं टेबलाखालच्या पेटीकडे पाहिलं. मीही पाहिलं.

“उन्हायात कूलर लागते, तवा बी नाई दिसत,” त्या पुढे म्हणाल्या. “पन उन्हाया काय, येते अन् जाते. हा तं बारमाही झाला बाई.”

इतकी वर्षं उन्हाळ्यात म्हातारी खाटेवर पडून असायची आणि आम्ही सगळे म्हणायचो, ऊन सोसत नाही तिला. सुलोचना उठली आणि मशीन विकून टाकते म्हणाली. त्यावर अनुसयाबाई अशा काही भडकल्या की मला बरं वाटलं, कारण किती दिवसांनी त्यांचा आवाज चढला होता. काम बंद केलं तर मी जेवायची नाही, असं त्यांनी बजावलं. मशीन दुसरीकडे हलवायला दुसरी खोली नव्हती. जुना भाग निकेशनं कधीच कुणाला देऊन टाकला होता. म्हणजे मशीन राहणार, प्रोसेसर राहणार, आणि बदलायचा तो फक्त त्याच्यावरचा पंखा.

सुलोचना वर्ध्याला सायबर कॅफेत जाऊन बसली. परत आली ती बरंच शिकून आली. प्रोसेसरसोबत येतो तोच पंखा ठेवावा असं काही नसतं. निरनिराळ्या कंपन्या ठोकळा आणि पंखा मिळून वेगळे बनवतात, त्यालाही कूलरच म्हणतात, आणि लोक ते शांततेसाठी विकत घेतात. पंखा लहान असला की त्याला फार जोरात फिरावं लागतं आणि तो किरकिरतो. मोठा असला तर सावकाश फिरूनही तेवढीच हवा देतो. हे ऐकून मी म्हणालो की मग सगळ्यात मोठा आण आणि मोकळी हो. ती म्हणाली, काका, एवढं सोपं नाही. मोठा पेटीत मावला पाहिजे, आमच्या मे महिन्यात पुरला पाहिजे, कापसानं लगेच बुजला नाही पाहिजे. आणि सगळ्यात आधी आत्याबाईंनी तो ऐकला पाहिजे.

निकेशला हे सांगितल्यावर तो हसला. त्याच्याकडे लोक जास्त पावर मागायला यायचे, कमी आवाज मागायला आजवर कुणी आलं नव्हतं. पण त्यानं नागपूरहून दोन-तीन आणि मुंबईहून एक कूलर मागवून ठेवायचं कबूल केलं, आणि आवडला नाही तर घेऊ नका म्हणाला. सुलोचनानं एकच अट घातली. दाखवायचं ते तुमच्याकडे लोडशेडिंग असेल तेव्हा. निकेश म्हणाला, ताई, लाईन नसली तर पंखा चालवू कशावर? ती म्हणाली, ते तुम्ही पाहा.

त्यानं पाहिलं. आम्ही तिघं पॅसेंजरनं वर्ध्याला पोचलो, मी एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात अनुसयाबाईंचा हात धरून. दुकानात लाईन गेलेली होती, शेजारच्या दुकानांचे पंखे बंद होते, बाजार थंड पडला होता. निकेशनं इन्व्हर्टरची मोठी बॅटरी काउंटरवर आणून ठेवली होती. हे पंखे बारा व्होल्टवर चालतात आणि बॅटरीही बारा व्होल्टची, तेव्हा पंख्याच्या दोन वायरी बॅटरीला लावल्या की काम झालं. आपल्या डोक्यातून निघालेल्या या युक्तीवर तो भलता खूष होता. मीही मनातल्या मनात त्याला दिलेल्या काही शिव्या परत घेतल्या.

अनुसयाबाईंना दाराशी स्टुलावर बसवलं. सुलोचना दुकानाच्या आतल्या टोकाला एक सुटा कीबोर्ड घेऊन बसली. निकेश मधे उभा राहून पंखा लावणार, सुलोचना टाइप करणार, आणि म्हातारीनं सांगायचं की बोटं ऐकू येतात की नाही. अशी परीक्षा मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिली नव्हती.

पहिला कूलर सबंध तांब्याचा होता, चकचकीत, निकेशचा लाडका. पंखा सुरू झाला आणि अनुसयाबाईंनी मान हलवली. घरचाच भाऊ आहे म्हणाल्या. दुसऱ्याला निळा दिवा होता. निकेशनं दिव्याचं कौतुक सुरू केलं आणि समोर कोण बसलं आहे ते आठवून मधेच थांबला. तोही किरकिरत होता. तिसऱ्याला पंखाच नव्हता, नुसत्या धातूच्या पात्यांचा उंच मनोरा. आवाज शून्य. मला तो एकदम पटला, मी म्हणालो हाच घे. सुलोचनाचाही हात त्याच्याकडे गेला. पण तिनं निकेशला विचारलं, हा मुंबईत चालत असेल, आमच्या पुलगावला मे महिन्यात चालेल का? खोलीच तापलेली असते, तिथे हा बिचारा कुणाच्या जिवावर गार होईल? निकेश खरं बोलला. म्हणाला, नाही चालणार, मशीन दुपारी बंद पडेल. माझा हिरमोड झाला.

चौथा दिसायला ओबडधोबड होता. पात्या विरळ, अंगावर रंग नाही, आणि पंखा जेवणातल्या बशीएवढा. निकेशनं तो शेवटी ठेवला होता, कारण त्याला स्वतःलाच तो आवडत नव्हता. वायरी लागल्या. पातं सावकाश फिरायला लागलं. आवाज होता, नव्हता असं नाही. खालच्या पट्टीत एक घूं चाललं होतं. अनुसयाबाईंनी मान वळवली. सुलोचना टाइप करत होती. म्हातारीनं निकेशला दोनदा विचारू दिलं. मग स्टुलावरून उठली, हात पुढे केला, काउंटरच्या कडेकडेनं आत गेली आणि सुलोचनाच्या खांद्यावर हात ठेवला.

“हा घुमते,” ती म्हणाली, “पन बोलू देते.”

निकेशनं तो लगेच खोक्यात भरला. आणि त्या दिवशी आम्हाला स्टेशनपर्यंत सोडायला स्वतः आला.

घरी आल्यावर नवं संकट. सुलोचनानं मापं घेतली होती, तरी कूलर बोटभर उंच भरला आणि पेटीचं झाकण लागेना. गुलाब ते झाकण घेऊन तानबाकडे गेला. तानबा उन्हाळाभर खोलीतल्या कूलरचे पत्र्याचे डबे बनवतो आणि बाकीचे दिवस बसून असतो. त्यानं काय-कशाला न विचारता झाकणात गोल भोक पाडलं, कडा ठोकून घेतल्या आणि वरून कापूस अडवायला बारीक जाळी लावून दिली. पुढच्या मे महिन्यात हेच भोक कामी आलं. मशीन एकदाही बंद पडलं नाही, आणि चारच्या चहाला खोलीतला कूलर बंद ठेवायचा असा गुलाबनं नियमच केला. त्या अर्ध्या तासात आम्ही सगळे घामानं निथळायचो आणि कुणी तक्रार करत नव्हतं. पण ते पुढचं. आधी दिवाळीनंतरच्या त्या दुपारचं सांगितलं पाहिजे.

कूलर बसवून बरेच दिवस झाले होते. मशीन सुरू आहे की नाही हे पाहायला मला वाकावं लागायचं, इतकं शांत होतं. आणि तरी अनुसयाबाई उठत नव्हत्या. घरात थोड्या हिंडायच्या, दारापर्यंत जायच्या, पण चार वाजले की खाटेवर. पायावरचा चटका गेला होता, मनातला गेला नव्हता. सुलोचना त्यांना चहा करा म्हणत नव्हती. मला वाटायचं, म्हणावं एकदा. ती म्हणायची, नाही काका, त्यांना वाटेल तेव्हा.

त्या दुपारी मी तिच्या टेबलाशेजारी बसून आमच्या पेठेतल्या महादेवराव किराणावाल्याच्या घरची पत्रिका तपासत होतो. त्यांच्या प्रफुलचं लग्न होतं, आणि निमंत्रकांची नावं इतकी होती की नवरा-नवरीला जागा उरली नव्हती. सुलोचना ती नावं टाइप करत होती. आतून गॅसच्या लायटरचा आवाज आला. एकदा, दोनदा, मग भांडं ठेवल्याचा. सुलोचनाची बोटं चालू होती, पण तिचं तोंड पांढरं पडलं होतं. आल्याचा वास आला. मग पावलं. हळू, घासत येणारी.

अनुसयाबाई दारात दिसल्या. हातात पेला, वर ताटली झाकलेली. आणि आनंदाच्या भरात सुलोचनाची बोटं थांबली. मी उठायला लागलो, तर तिनं मला हातानं दाबून खाली बसवलं. म्हातारी खोलीच्या मध्यावर आली, आणि नेमकी त्या जागी उभी राहिली जिथे मागे चहा सांडला होता.

“काऊन थांबली वं?” त्या म्हणाल्या. “टाईप कर नं. मी कोनीकडे येऊ?”

सुलोचनाच्या डोळ्यांत इतकं पाणी होतं की तिला समोरचं काही दिसत नव्हतं. तिनं बोट सापडेल त्या अक्षरावर ठेवलं आणि दाबत राहिली. टक, टक, टक. म्हातारीनं मान वळवली, पाऊल उचललं, आणि त्या आवाजाच्या रोखानं सरळ टेबलापर्यंत आली. एका हातानं टेबलाची कड चाचपली, पेला ठेवला, ताटली काढली. माझ्यासाठीचा दुसरा पेला आत ठेवला आहे, तो तुमचा तुम्ही आणा म्हणाल्या. मी गेलो आणि आतच थोडा वेळ थांबलो. साखर नेहमीपेक्षाही जास्त होती. मी सगळा प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवराव नमुना पाहायला आले. चष्मा लावून त्यांनी देवाच्या नावापासून सुरुवात केली, मुहूर्त वाचला, आजोबा-पणजोबा वाचले, आणि निमंत्रकांच्या मधोमध येऊन अडले. तिथे एक अख्खी ओळ नुसत्या ‘क’ची होती, मधे एखादा ‘म’. मुद्रितं मी तपासली होती, आणि ती ओळ माझ्या नजरेतून सुटली नव्हती. मी ती तशीच राहू दिली होती. महादेवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“बाई, हे कोन निमंत्रक?” त्यांनी विचारलं. “आमच्या घरचे तं नाई दिसत.”

“नाई भाऊ,” सुलोचना म्हणाली, “ते आमच्या घरचे आहेत.” आणि तिनं ती ओळ खोडली.